पुकाऱ्याचा दीड हिस्सा

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उशाशी गजराचं घड्याळ होतं, पण ते वाजायची वेळ क्वचितच यायची. पलीकडच्या खोलीत तिचे वडील, अण्णा, एकदा खोकायचे, पाणी पिऊन तांब्या फरशीवर ठेवायचे, आणि त्या आवाजाला ती उठून बसायची. आता अण्णा नाहीत. कारखानाही सुटला. तरी साडेचारला डोळा उघडतोच, आणि तांब्याचा आवाज आला नाही हे कळायला रोज थोडा वेळ लागतो.

तिचं काम वाइंडिंगचं. ट्रान्सफॉर्मरच्या बॉबिनवर केसासारखी तार चढवायची, वेढ्याला वेढा चिकटून, एकावर दुसरा न चढता. तार ओढली तर तुटते, सैल सोडली तर फुगते. बोटांना जमलं तर जमलं. शिकवून कुणाला आलं नाही. मशीनवर मोजणीची चाकं होती, पण ती ओठांनी मोजायची. मध्येच कुणी हाक मारली तर नुसती मान हलवायची आणि थर पुरा झाल्यावर "हं, काय म्हणत होतास?" म्हणायची. तोवर विचारणारा आपल्या जागी जाऊन बसलेला असायचा. यावरून तिचं नाव वेढेताई पडलं. हजेरीपटावरचं नाव साहेबांनाच ठाऊक. लग्नाचं एकदोनदा जुळता जुळता राहिलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, तेव्हा आपणही बोलायला नको.

अण्णा पुकाऱ्या होते. हा धंदा आता उरलेला नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. क्रेन यायच्या आधी अवजड यंत्रं माणसंच हलवत. टोळी असायची, दोर, पहारी, यंत्राखाली लोखंडी रोलर. सगळ्यांचा जोर एका क्षणी लागला तरच वजन हलतं. मागेपुढे लागला तर वजन जागीच राहतं आणि कुणाचा तरी खांदा निखळतो. तो क्षण ठरवणारा माणूस म्हणजे पुकाऱ्या. तो दोराला हात लावत नाही. बाजूला उभा राहून बारीक आवाजात बोलत राहतो, अगदी तान्ह्या मुलाला थोपटल्यासारखा. यंत्राला 'बाई' म्हणायची रीत होती.

"बाई जड आहे रे... बाई रुसली आहे... पाय रोवा, पाय... डावीकडचा कोण झोपलाय, त्याच्या सासूला कळवा..."

हसू यायचं, पण हसता हसता पाय रोवले जायचे. मग अण्णा गप्प व्हायचे. ही गप्प राहायची वेळ ठरलेली नसे. शेवटच्या माणसाची टाच जमिनीत बसली हे डोळ्यांनी पाहीपर्यंत ते थांबत. आणि मग छातीच्या तळापासून, "चऽऽल!"

"होऽऽ!" टोळी ओरडायची, आणि बाई वीतभर सरकायची.

पुकाऱ्याला टोळीत दीड हिस्सा. दोर न धरणाऱ्याला जास्त पैसे का, म्हणून कुणी कधी कुरकुरलं नाही. सगळ्यांचे पाय त्याच्या बारीक आवाजावर टेकलेले असत.

वेढेताईच्या कारखान्यात वार्निश सुकवायची मोठी भट्टी होती, ती अण्णांच्या टोळीनंच आत आणलेली. तेव्हा ती लहान होती. अण्णांचा डबा घेऊन आली होती आणि दारात अडकून पडली होती, कारण दार भट्टीनं भरलेलं होतं. भट्टीच्या पलीकडून अण्णांचा बारीक आवाज येत होता, आणि त्या काळ्या लोखंडातूनच तो येतोय असं तिला वाटलं होतं. पुढे त्याच कारखान्यात ती कामाला लागली. रोज भट्टीवरून जाताना तिच्या अंगावर एकदा हात ठेवायची. गरम असायची.

क्रेन आल्या, टोळ्या मोडल्या. अण्णा घरी बसले. छाती भरू लागली. बोलताना मध्येच दम लागायचा. एके रविवारी जुन्या टोळीतले तिघं भेटायला आले. लंबू, जो आता वाकून अण्णांएवढा झाला होता. ढोल्या, जो वाळून काडी झाला होता. आणि मुका. मुका मुका नव्हता. उभ्या जन्मात "होऽ" सोडून फारसं काही बोलला नाही, इतकंच. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि लंबूनं आग्रह केला म्हणून अण्णांनी बसल्या बसल्या एक पुकारा दिला. वेढेताईनं पटकन घरातल्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

ते गेल्यावर बापलेकीनं टेप लावून ऐकली. नुसती खरखर, खरखर, आणि मग कानठळ्या बसवणारं, फाटलेलं "चऽल!" पुन्हा खरखर. अण्णांचं बारीक बोलणं त्या खरखरीत बुडून गेलं होतं.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "हा माणूस नुसता ओरडतोय. याच्या हाताखाली मी दोर धरला नसता."

"अण्णा, तुमचाच आवाज आहे."

"माझा कसला? माझं काम कुठे आहे यात? ओरडायला कुणीही ओरडतं."

ते काही रागानं बोलले नव्हते. पण तिला ते लागलं. या माणसानं आयुष्यभर जे केलं ते त्या बारीक बोलण्यात होतं. ते एकदा त्याच्यासोबत गेलं की जगात कुठे सापडणार नव्हतं. मागे राहणार होती ती आरोळी, आणि तीही फाटकी. श्वास तर दर हिवाळ्याला कमी होत चालला होता.

ती टेस्टरकडे गेली. टेस्टर पूर्वी तिच्याच कारखान्यात तयार मालाची तपासणी करायचा. नोकरी सोडून त्यानं एका बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत संसार मांडला होता. पुढच्या खोलीत बायकोचं शिवणकामाचं दुकान, मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगून केलेला स्टुडिओ. मधल्या दाराच्या चौकटीला लाल बल्ब होता. टेप भरायचं बटण दाबलं की बल्ब लागायचा आणि बायकोनं शिलाई मशीन थांबवायचं, असा करार होता. ती तो पाळायची. तोंड मात्र थांबवायची नाही.

टेस्टरनं सगळं ऐकून घेतलं. "बारीक आवाजाला माप लावलं तर आरोळी फुटते. आरोळीला लावलं तर बारीक बुडतो. मी बटणावर हात ठेवून बसलो तरी अण्णा कधी ओरडतील हे मला कसं कळणार?"

"टोळीलाही कळायचं नाही," ती म्हणाली.

"मग कंप्रेसर लागेल. मोठ्या स्टुडिओत असतो. आवाज वाढला की आपोआप दाबतो, कमी झाला की सोडतो. विकतचा मला परवडत नाही, तुझी तर गोष्टच सोड."

"आत असतं काय त्याच्या?"

टेस्टर हसला. "मला वाटलंच होतं तू हे विचारणार." एका जुन्या रेडिओच्या मासिकातला आराखडा काढून त्यानं तिच्यासमोर टाकला.

युक्ती साधी होती. एका बंद नळकांडीत एका टोकाला बारीकसा दिवा, दुसऱ्या टोकाला उजेडाला जागी होणारी चकती. आवाज मोठा झाला की दिवा पेटतो, चकती जागी होते आणि जास्तीचा आवाज जमिनीत सोडून देते. आवाज उतरला की दिवा विझतो, चकती हळूहळू पेंगते आणि वाट बंद होते. बाकी आवाज आत घेणारा एक ट्रान्सफॉर्मर, बाहेर सोडणारा एक. ट्रान्सफॉर्मर म्हटल्यावर वेढेताईच्या बोटांना खाज सुटली.

घरी अण्णांनी विचारलं, "काय बनवतेस?"

"कंप्रेसर."

"हवेचा? पंक्चरचं दुकान काढणार का?"

"तुमच्या आवाजाची हवा काढणार."

"ती आपोआपच निघत चालली आहे," अण्णा म्हणाले आणि चहाला बसले.

पहाटे उठायचं, कामावर जायच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेटी उघडायची, भोंगा व्हायच्या आत मिटायची. असे हिवाळ्याचे महिने गेले. ट्रान्सफॉर्मर तिनं स्वतः भरले. कारखान्यात रोज भरायची त्यापेक्षा जास्त जीव लावून, कारण हे तपासायला कुणी नव्हतं. पेटी पहिल्यांदा चालू केली तेव्हा ती घूंऽऽ करून गुणगुणायला लागली, माशीला डबीत कोंडल्यासारखी. तिनं सांधे पुन्हा डागले. तारा बदलल्या. गुणगुण जाईना. चार दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी आवाज आत घेणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल केले आणि तो हातात धरून जागच्या जागी फिरवून पाहिला. फिरवता फिरवता एका जागी गुणगुण एकदम बसली. पेटीला वीज पुरवणारा मोठा ट्रान्सफॉर्मर शेजारीच होता, त्याच्याकडे तोंड करून हा बसला होता. त्याला तिरका बसवला, पाठ फिरवून दिली, तंटा मिटला.

"शेजारी असं बसवावं लागतं," अण्णा म्हणाले. "आपल्याकडचे वरच्या मजल्यावरचे तसे बसवता आले असते तर."

मग माप लावायचं काम आलं. टेस्टरनं एका टेपवर सरळ एकसुरी सूर भरून दिला होता. तो आधी बारीक, मग मोठा सोडायचा आणि कुठल्या उंचीवर पेटी दाबायला लागते ते ठरवायचं. ते जमलं. अवघड होतं ते सोडणं. पेटीनं पटकन सोडलं तर अण्णांच्या त्या गप्प वेळेत मागची खरखर फुगून वर यायची, जणू कुणी धापा टाकतंय. उशिरा सोडलं तर आरोळीनंतरचं बारीक बोलणं खाल्लं जायचं. यासाठी कुठल्याही आराखड्यात आकडा नव्हता. ती अण्णांना समोर बसवायची.

"ओरडू नका. फक्त श्वास घ्या, आरोळीनंतर घेता तसा."

अण्णा श्वास घ्यायचे. ती सोडण्याचा वेग ठरवणारा कंडेन्सर बदलायची. पुन्हा श्वास. पुन्हा बदल.

"माझं शर्टाचं माप घेतेस की काय?"

"तसंच समजा."

शेवटी पेटीचं सोडणं आणि बापाचं श्वास घेणं जुळलं. आरोळी संपली, छाती भरली, आणि पहिला बारीक शब्द फुटेपर्यंत पेटी मोकळी. त्या सकाळी ती कामावर गेली तेव्हा भट्टीवर हात जरा जास्त वेळ ठेवला.

एक गोष्ट मात्र तिनं आराखड्याबाहेरची केली. दाब किती पडतोय हे दाखवायला मीटर लागतो. मीटर महाग. त्यासाठी ती पगारातून बाजूला टाकत होती, पण तोवर काय? मासिकात लिहिलं होतं, नळकांडी काळ्या टेपनं पूर्ण गुंडाळा. तिनं गुंडाळली, पण गव्हाच्या दाण्याएवढी फट ठेवली आणि तिच्या समोर पेटीच्या पत्र्याला भोक पाडलं. डोळा लावला की आतला दिवा पेटताना दिसायचा. तिच्या खात्यात सगळ्यांना हीच सवय होती. वार्निशमध्ये बुडवायच्या आधी कॉइलवरच्या कागदाला एक खिडकी ठेवायची, फोरमननं वेढे पाहिले की मगच ती बुजवायची. न पाहिलेलं काम हातातून सोडायचं नाही हे अंगात भिनलेलं. त्या भोकाचा तिला पेटीतल्या दुसऱ्या कशापेक्षाही जास्त अभिमान होता.

ठरल्या रविवारी सगळी टोळी स्टुडिओत जमली. लंबूनं गाद्यांच्या भिंती चाचपल्या. "इथे गातात की झोपतात?"

पेटी यंत्रांच्या फळीवर ठेवली, दाराच्या चौकटीपासून हातभर. अण्णांना माइकसमोर खुर्ची दिली, ती त्यांनी सरकवून दिली आणि उभे राहिले. सरावाला एक पुकारा दिला. टेस्टरनं कानाला हेडफोन लावले आणि त्याचा चेहरा उजळला. "सगळं ऐकू येतंय! सासूसुद्धा!" वेढेताईनं भोकाला डोळा लावून पाहिलं. आरोळीला दिवा पेटत होता, श्वासाला विझत होता. वाटेल तर त्यावर घड्याळ लावावं.

"चला, आता खरं," टेस्टरनं बटण दाबलं. लाल बल्ब लागला. बाहेर शिलाई मशीन थांबलं. अण्णांनी पुकारा दिला.

ऐकायला बसले तेव्हा बारीक बोलणं पुन्हा बुडालेलं. आरोळी फाटली नव्हती एवढंच. सासू कुठे गेली कुणास ठाऊक. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सरावाला छान, टेप लागली की गेला आवाज. टेस्टर फळीवरची बटणं फिरवत राहिला. ढोल्या म्हणाला, "अण्णा, जरा मोठ्यानं बोला की."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. "बारीक आवाज मोठ्यानं काढायचा?"

तिसऱ्यांदा झालं तेव्हा अण्णा खुर्चीत बसले. मग ते म्हणाले, "पोरी, पेटी आवर. खोटं असतं तेव्हा आवाज येतो, खरं असतं तेव्हा जातो. पुकाऱ्याचा आवाज ऐन वेळी गेला तर माणसांचे पाय जातात. मी बंद करतो."

"अण्णा, पेटीत काहीतरी—"

"पेटी सरावाला चालली ना? मग पेटीचा काय दोष?"

तिनं पेटीच्या तारा सोडवल्या. घरी जाताना ते तिच्यापुढे चालले, एकदाही मागे न पाहता. तो आठवडा त्यांनी घरात जेवढ्यास तेवढं बोलून काढला. पुकाऱ्या गप्प बसला की त्या गप्प बसण्यालाही वजन असतं.

पुढच्या रविवारी ती एकटीच पेटी घेऊन टेस्टरकडे गेली. त्यानं एकसुरी सुराची टेप लावली, सूर पेटीतून सोडला. सरळ, शांत, रेघ आखल्यासारखा. दुपारपर्यंत दोघांनी ऐकला. काही दोष नाही.

"टेप भरायला लाव," ती म्हणाली.

"सूर भरून काय करायचा? टेप वाया जाईल."

"वाया जाऊ दे. खरं असतं तेव्हाच जातो म्हणाले ना अण्णा? मग खरं कर."

टेस्टरनं बटण दाबलं. बल्ब लागला, बाहेर मशीन थांबलं, आणि बायकोचा आवाज आला, "एक बाही शिवू द्या हो मला! सकाळपासून अर्धीच आहे."

सूर खाली बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वेढेताई लगेच वाकली आणि भोकाला डोळा लावला. सूर वर आला.

"झाला बरा," टेस्टर म्हणाला.

ती उभी राहिली. सूर खाली.

ती वाकली. सूर वर.

"तुला घाबरते ती," टेस्टर म्हणाला. "तू बघितलंस की शहाणी, पाठ फिरवली की द्वाड. आमचा थोरला अगदी असाच."

ती हसली नाही. वाकलेलीच राहिली, आणि डोकं हळूहळू बाजूला नेलं. सूर हळूहळू उतरला. डोकं परत आणलं, सूर परत चढला. मग तिनं डोकं काढलं आणि नुसतं बोट भोकावर ठेवलं. सूर वर. बोट काढलं, आणि आपल्या बोटाच्या नखावर तिला लाल उजेड दिसला.

तिनं मान वळवून चौकटीवरच्या बल्बकडे पाहिलं. मग खाली स्टुलावर बसली आणि कपाळाला हात लावला.

"काय झालं?" टेस्टरची बायको दारात आली, हातात अर्धी बाही.

"तुमचा बल्ब माझ्या पेटीत डोकावतोय," वेढेताई म्हणाली. "मीच खिडकी ठेवली होती त्याला."

घरी पेटीसमोर तीच बसायची, तिच्या अंगाचीच सावली असायची. सरावाला बल्ब बंद असायचा. खऱ्या वेळी बल्ब लागायचा, लाल उजेड भोकातून फटीत, फटीतून चकतीवर जायचा, आणि चकती बिचारी कोणीतरी ओरडतंय असं समजून अण्णांचं बारीक बोलणं दाबत बसायची. दोष पाहायला वाकलं की तिच्याच डोक्यानं बल्ब झाकला जायचा.

"तेवढा बल्ब काढून टाकू," टेस्टर म्हणाला.

"बल्ब काढलात तर मी मशीन थांबवणार नाही," बायको म्हणाली.

बल्ब राहिला. वेढेताईनं नळकांडी काढली, फटीवर सुती पट्टी गुंडाळली, वर काळं वार्निश चढवलं, सुकू दिलं. पत्र्याचं भोक बुजवलं. हात चालत होता, पण मन लागत नव्हतं. आता आतलं काही दिसणार नव्हतं. दिवा पेटतो की नाही, हे कानावर सोडायचं. वाइंडरला हे जड जातं.

संध्याकाळी तिनं अण्णांना सांगितलं. "तुमचा आवाज गेला नव्हता. चूक माझी होती. पेटीला मी भोक ठेवलं होतं, त्यातून उजेड जात होता."

"भोक कशाला?"

"दिवा पेटतो का ते बघायला."

अण्णा विचार करत राहिले. "मी डोळे कुठे ठेवायचो, ठाऊक आहे? पायांवर. दोराकडे कधी पाहिलं नाही. दोराची गाठ मारतानाच नीट मारायची, मग तिच्याकडे बघायचं नाही." जरा थांबून म्हणाले, "बुजवलंस?"

"बुजवलं."

"मग येईन. पण दोन गोष्टी आहेत. मागच्या वेळी ते तिघं रिकाम्या हातानं ओरडत होते. वजनाशिवाय 'हो' खोटा निघतो. मला वजन पाहिजे. आणि हजेरी. फुकट टोळी मी कधी बोलावली नाही."

वजन टेस्टरच्या बायकोनं दिलं. स्टुडिओच्या कोपऱ्यात छापखान्याच्या काळातलं कागद कापायचं ओतीव लोखंडाचं यंत्र होतं. जागा घेतली तेव्हापासून ते तिला पलीकडच्या भिंतीला हवं होतं, आणि हमालांनी बघून नुसत्या माना हलवल्या होत्या. अण्णांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, टाचेनं जमीन ठोकून पाहिली.

"बाईला कुठे बसवायचं?"

"त्या खिडकीखाली," बायको म्हणाली. "आणि फरशीला ओरखडा नको."

लंबूनं पाइपाचे तुकडे रोलर म्हणून खाली घातले. मुक्यानं दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि पाठ फिरवली. माणसं कमी पडत होती. ढोल्या म्हणाला, "पोरगी धरेल की."

वेढेताईनं पेटीकडे पाहिलं. पेटी चालू होती, तिचं भोक बुजलेलं होतं. मग तिनं दोर धरला, मुक्याच्या मागे. बापाच्या हाताखाली दोर धरायची तिची ही पहिलीच वेळ. टेस्टरनं बटण दाबलं. लाल बल्ब लागला. शिलाई मशीन थांबलं, आणि या खेपेला तोंडही.

"बाई जुनी आहे रे... बाईनं लग्नपत्रिका कापल्या, बाईनं मयताची पत्रकं कापली... बाई दमली आहे... पाय रोवा... लंबू, वाकलाच आहेस तर आणखी वाक... मागची नवी आहे, तिला सांभाळून घ्या... टाच, पोरी, टाच..."

तिनं टाच दाबली. अण्णा गप्प झाले. तिला वाटलं आता, आता. पण ते थांबले होते. ते तिच्याच पायाकडे पाहत होते. तिनं टाच आणखी बसवली. आणि मग—

"चऽऽल!"

"होऽऽ!"

दोर ताठ झाला, तिच्या खांद्यातून कळ गेली, आणि लोखंड कुरकुरत वीतभर पुढे आलं. दिवा पेटला की नाही, हे मनात यायलाही वेळ मिळाला नाही. अण्णांचा श्वास ऐकू आला, आणि लगेच पुन्हा तो बारीक आवाज, "शाबास... बाई हसली... दुसरा पाय..." असं वीत वीत करत बाई खिडकीखाली जाऊन बसली. अण्णांना मध्ये दोनदा भिंतीला टेकावं लागलं. टोळी दोर धरून थांबली. कुणी घाई केली नाही.

ऐकायला सगळे जमिनीवर बसले. लग्नपत्रिका ऐकू आल्या, मयताची पत्रकं ऐकू आली. टाच ऐकू आली. त्यानंतरची ती गप्प वेळही होती, स्वच्छ, मागे खरखर न फुगता. वेढेताईनं पाहिलं, ऐकता ऐकता अण्णांची बोटं मांडीवर मिटत चालली होती, मुठीत काहीतरी असल्यासारखी. आरोळी आली तेव्हा मुका सवयीनं "होऽ" म्हणाला आणि लाजला.

टेप संपली.

"काय अण्णा?" टेस्टरनं विचारलं.

"बरा आहे हा," अण्णा म्हणाले. "याच्या हाताखाली मी दोर धरीन."

ती टेप आजही आहे, आणि बाई खिडकीखालीच आहे. तिच्यावर कपडे वाळत असतात. पेटीला मीटर मात्र कधीच बसला नाही.

कारण सगळे उठून घामाचे चेहरे पुसायला लागले तेव्हा अण्णांनी खाकरून तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं पिशवीतून पाकीट काढलं. मीटरसाठी पगारातून महिनोन्‌महिने बाजूला टाकलेलं. लंबूची हजेरी, ढोल्याची हजेरी, मुक्याची हजेरी, पूर्ण दिवसाची. ढोल्या "अगं, असू दे" म्हणायला लागला, तेव्हा अण्णा दरडावले, "घे. बाई हलली ना?" त्यानं घेतली. मग अण्णांनी हात पुढे केला. इतकी वर्षं ती कमावत होती, आणि या हातानं तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"दीड," ते म्हणाले.

तिनं दीड हिस्सा दिला. त्यांनी तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून एकदा थोपटला.

"आणि माझा? मीही ओढलं की."

"नवं माणूस पहिल्या दिवशी फुकट ओढतं," अण्णा म्हणाले. "मीही ओढलं होतं."